झाडूलाही शास्त्र असते

माझी आई एका शाळेत झाडलोट करते. बारा वर्गखोल्या, व्हरांडा आणि मुतारी. नेमणूक झाली तेव्हा तिच्या हाती खराटा दिला गेला; काम कसे करायचे, हे मात्र कुणी सांगितले नाही. एकदा तिने मुतारीत अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकली. विषारी क्लोरीन वायू निघाला. आठवडाभर ती खोकत होती. दोष कुणाचा?

प्रयोगशाळेत कृती भिंतीवर लावलेली असते. मग सफाईलाच ठरलेली पद्धत का नको? आधी जळमटे, मग बाके, शेवटी फरशी. झाडण्यापूर्वी पाण्याचा हलका शिडकावा. आतल्या कोपऱ्याकडून दाराकडे. मुतारीची बादली व फडके वेगळे. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र नको. एवढे एका पाटीवर मावते! वेळ वाचतो, श्रम वाचतात, छातीही वाचते.

अशी पाटी मी सुट्टीत तयार केली. आईला वाचता येत नाही, म्हणून चित्रे काढली. झाडण्याचा क्रम मात्र तिनेच सांगितला.

मित्रहो, गाडगेबाबांच्या जयंतीला आपण भाषणे करतो. त्यांचा खराटा आज ज्यांच्या हाती आहे, त्यांना कधी काही विचारतो का?