उंबरा आणि इजाजत

गेल्या उन्हाळ्यात चिपळूणजवळच्या आमच्या जुन्या घराचा उंबरा काढावा लागला. सासूबाई वॉकर घेऊन चालतात आणि तो वीतभर उंच उंबऱ्यावरून पार होईना. दोनदा त्या पडता पडता वाचल्या. सुतार म्हणाला, कापून टाकू. पण चाचीअम्मा आडव्या आल्या, "उंबरा गेला की घराची बरकत जाते."

उंबऱ्यावर बसू नये, उंबऱ्यावरून पैसे देऊ-घेऊ नयेत, असे पुष्कळ समज आपल्याही घरांत आहेत. खरं तर उंबरा ही कामाची वस्तू. चौकटीचे दोन्ही उभे खांब खाली तोच धरून ठेवतो. कोकणातल्या पावसात अंगणातलं पाणी, विंचू, किरडू बाहेर अडवतो. जमीन सारवायची तेव्हा तिची कडही त्यालाच टेकायची. (दर्ग्याला आपण आस्ताना म्हणतो ना, त्या फारसी शब्दाचा मूळ अर्थही उंबराच.)

बरकत लाकडात नसते हे चाचीअम्मांना पटवताना मी सूरह नूर काढली. तिथे विषय माणसाच्या पावलाचा आहे. दुसऱ्याच्या घरात सलाम करून, इजाजत घेतल्याशिवाय जाऊ नका. परत जा म्हटलं तर परत फिरा. अबू दाऊदमध्ये हदीस आहे की नबी करीम (स.) कुणाच्या घरी गेले तर दाराच्या समोर उभे राहत नसत. उजव्या किंवा डाव्या बाजूला राहून सलाम करत, कारण त्या काळी दारांना पडदे नसत. चाचीअम्मा गप्प झाल्या. उंबरा गेला.

मला वाटलं, मी जिंकले. आठवड्याने चहाचा कप घेऊन मी सूनबाईच्या खोलीत सरळ शिरले. दार नुसतं लोटलेलं होतं, आणि घर माझंच ना! ती बाळाला पाजत होती. दचकून तिने ओढणी ओढली. बोलली काहीच नाही.

ओसरीवर बसलेल्या चाचीअम्मांनी ते पाहिलं. संध्याकाळी हळूच विचारलं, "नूरमधली ती गोष्ट फक्त बाहेरच्या दाराची आहे का गं?"

नाही. त्याच सूरहच्या ५८व्या आयतीत घरातल्या लहान मुलांनीसुद्धा तीन वेळा इजाजत घ्यावी असं आहे: फजरपूर्वी, दुपारी कपडे उतरवून ठेवता तेव्हा आणि इशानंतर. मुलं मोठी झाली की मग नेहमीच. सासूला सूट कुठून आली?

मी सूनबाईची माफी मागितली. ती म्हणाली, "अम्मी, मीच कडी लावायला हवी होती." ते ऐकून जास्तच वाईट वाटलं.

आता मी बाहेरूनच सलाम करते आणि थांबते. कधी "या ना" येतं, कधी "जरा थांबा". तेवढ्यात चहा थोडा निवतो.