करारातले कुलूप घरच्या बियाण्याला



कापसाची पिशवी आपण दरसाल विकत घेतो. संकरित वाणाचे घरचे बी पेरले तर पीक एकसारखे येत नाही. तिथे कुलूप बियाण्यातच आहे, कायद्याची गरज नाही. ज्वारीचे तसे नाही. मालदांडी सरळ वाण. चांगली कणसे निवडायची, बी राखायचे, सोयऱ्याला पायलीभर द्यायचे. मालदांडी जुनी आहे, तिच्यावर कुणी हक्क सांगू शकत नाही. पण उद्या येणाऱ्या नव्या सरळ वाणाचे काय?

आज कायदा आपल्या बाजूने आहे. २००१ च्या कायद्याचे कलम ३९ सांगते की संरक्षित वाणाचेही बी शेतकऱ्याने राखावे, पेरावे, बदलावे, विकावेसुद्धा. फक्त ब्रँड लावून विकू नये. हे जमले, कारण १९९४ च्या गॅट कराराने वाणांना संरक्षण द्या म्हटले, तरी पेटंटच द्या असे म्हटले नाही. आपली पद्धत आपण ठरवली.

नवे व्यापारी करार हीच मोकळीक काढून घेतात. बोलणी कापडाची, लोखंडाची. आणि बौद्धिक संपदेच्या प्रकरणात एक ओळ असते : युपोव्हच्या १९९१ च्या नियमांप्रमाणे कायदा करा. त्या नियमांत संरक्षित बी शेजाऱ्याला विकणे बंद. स्वतःच्या रानात पुन्हा पेरायचे, तेही सरकारने मुभा ठेवली तर, आणि मर्यादेत.

मध्य अमेरिकेतला ग्वाटेमाला मक्यावर जगणारा देश. अमेरिकेबरोबरच्या मुक्त व्यापार करारात त्याने ही अट मान्य केली. जून २०१४ मध्ये तसा कायदा झाला, शिक्षा तुरुंगाची. माया शेतकरी रस्त्यावर उतरले. सप्टेंबरात संसदेला कायदा रद्द करावा लागला. करारातली अट मात्र तशीच राहिली.

आपल्यापुढेही हे ताट आले होते. आरसीईपीच्या वाटाघाटीत जपान आणि दक्षिण कोरियाची हीच मागणी होती. २०१९ मध्ये भारत त्यातून बाहेर पडला. त्याच वर्षी पेप्सिकोने गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर कोटीकोटीचे दावे लावले आणि ओरड झाल्यावर मागे घेतले. कलम ३९ असताना ही गत!

कापसाला परदेशचा बाजार खुला हवा, हे मीही म्हणतो. त्यासाठी बियाणे गहाण का? बैठकीत ठराव मांडणार आहे : कलम ३९ ला हात लावणारी अट कोणत्याही करारात नको, आणि सहीआधी मसुदा संसदेपुढे ठेवा. आपापल्या खासदाराला गाठून विचारा, बौद्धिक संपदेचे प्रकरण वाचले का? उत्तर लिहून आणा.