काटा खोटा बोलतो? मग बदला ना!

छोट्या खाजगी विमानांच्या दुनियेत एक वाक्य मोठ्या रुबाबात ऐकवलं जातं: "फ्युएल गेजवर विश्वास ठेवायचाच नसतो, टाकीत काठी बुडवून बघायची!" मंडळी, यातलं निम्मं शहाणपण आहे आणि निम्मा शुद्ध आळस.

आधी भानगड समजून घेऊ. सेसना १७२ सारख्या जुन्या विमानात पंखातल्या टाकीत एक फ्लोट असतो. इंधन कमी झालं की तो खाली जातो, त्याची दांडी रेझिस्टन्सवर सरकते आणि काटा हलतो. बाईकच्या टाकीत असतो तसाच हा सेंडर. वर्षानुवर्षं घासून तो झिजतो, अर्थिंगचा जोड गंजतो. मग काटा एकतर नाचतो, नाहीतर एका जागी ठाण मांडतो. आणि पायलट म्हणतो, "तो तसाच आहे हो, लक्ष देऊ नका."

आम्हा आयटीवाल्यांना हे नवीन नाही. खोटा अलर्ट सारखा वाजतो म्हणून कोणीतरी तो म्यूट करतो, आणि खरा वाजतो तेव्हा ऐकायला कोणी नसतं.

हे लिहितोय देवबागला बसून. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली. या खाऱ्या हवेत खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे सेंडरच्या स्क्रूची काय कथा! नदीपलीकडे चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, म्हणजे विषय अगदीच परका नाही. संगमावरचा होडीवालाही टाकी उघडून बघतो, बरोबरच आहे. पण इंजिन बंद पडलं तर तो नांगर टाकून दुसऱ्या होडीला हाक मारेल. आकाशात नांगर कुठे टाकणार?

काठी सांगते ती जमिनीवरची गोष्ट. उडाल्यावर टाकीचं झाकण सैल निघालं आणि पंखावरून इंधन ओढलं जाऊ लागलं, तर काठी काय करणार?

"नियमानुसार काटा फक्त रिकाम्या टाकीला बरोबर असला की झालं," हीसुद्धा पळवाटच. अमेरिकेतला नियम म्हणतो की वापरता येण्याजोगं इंधन संपलं की काट्याने शून्य दाखवावं. बाकी वेळी थापा मारायची सूट त्यात नाही.

आणि काठीही चुकते. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चे गेज बंद होते. इंधन हाताने मोजलं, पण हिशेबात किलोऐवजी पाउंडाचा आकडा घेतला. गरजेच्या निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं आणि हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. नशिबाने सगळे वाचले. २००५ मध्ये ट्युनिंटरच्या एटीआर ७२ ला बिघडलेल्या गेजच्या जागी एटीआर ४२ चा गेज बसवला. त्याने नसलेलं इंधन दाखवलं, विमान सिसिलीजवळ समुद्रात उतरवावं लागलं, १६ जण गेले.

थोडक्यात काय, तर आधी अर्थिंग तपासा. सेंडरच गेला असेल तर त्याच मॉडेलसाठी मंजूर असलेला नवा घ्या, परवानाधारक माणसाकडून बसवून घ्या, टप्प्याटप्प्याने इंधन भरून काटा जुळवून घ्या. विमान काही दिवस जमिनीवर राहील, खिसा हलका होईल. होऊ दे! आणि हो, त्यानंतरही काठी बुडवाच. साक्षीदार दोन हवेत, म्हणजे त्यांचं पटलं नाही तर निदान उडण्याआधी कळेल.