घरकुल मंजूर झालं, पण वारा कुठून येणार?

गोवंडी-मानखुर्दच्या तीन पुनर्वसन वसाहतींवरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांना दिसलं, की इमारती खेटून उभ्या असतील, ऊन-वारा आत येत नसेल, तर क्षयरोग जास्त. खालच्या मजल्यांवर अधिकच. घर पक्कं, छाती कच्ची.

रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांची. दौलताबादच्या उन्हाळ्यात 269 चौरस फुटांच्या स्लॅबखाली एकच खिडकी असेल तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको. हप्ते मात्र बांधकामाचा टप्पा पाहून निघतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी यादीत नाव लागल्यावर थांबू नये. जोतं भरण्याआधीच समोरासमोर खिडक्या आखून घ्याव्यात. दाट वस्तीत हे एकट्याला जमणार नाही, शेजाऱ्यालाही भिंत दोन फूट मागे घ्यावी लागेल. ती बोलणी विहारातच व्हावीत.