किल्ला आणि समोरचा डोंगर



पुतण्या नोकरीनिमित्त मँचेस्टरला असतो. त्याच्याकडे गेलो असता एका रविवारी त्याने आम्हा उभयतांना गाडीने वेल्समध्ये लॅनबेरिस या गावी नेले. वेल्स म्हणजे इंग्लंडला पश्चिमेकडून लागून असलेला प्रदेश. भाषा वेगळी, माणसे डोंगरी. इथल्या दरीत दोन तळ्यांच्या मधल्या टेकाडावर डोलबादर्न किल्ल्याचे अवशेष आहेत. आपण रायगड-राजगड पाहिलेली माणसे. इथे मात्र उभा आहे तो एकच गोल बुरूज, सुमारे ५० फुटांचा. बाकीचे सगळे पडलेल्या भिंती आणि जोते. तिकीट नाही, हे एक बरे.

तेराव्या शतकात लेवेलिन नावाच्या वेल्श राजाने हा किल्ला बांधला. डोंगरातून जाणारी वाट या दरीतूनच जाते, तेव्हा बुरूज ज्याच्या ताब्यात, वाट त्याची. पुढे नातवांत भाऊबंदकी माजली. १२५५ मध्ये धाकट्याने थोरल्या ओवेनला लढाईत हरवले आणि वीस वर्षांहून अधिक काळ कैदेत ठेवले. ती कैद याच बुरुजात, असे परंपरेने सांगतात. नंतर इंग्रज राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकले आणि १२८४ मध्ये इथले लाकूड काढून कारनार्वनला आपल्या नव्या किल्ल्याच्या कामाला नेले. राजेलोकांचा हिशेब असा सरळ असतो.

पण खरे सांगतो, तळ्यापलीकडे नजर गेली आणि किल्ल्यावरचे लक्षच उडाले. समोरचा अख्खा डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला. ही डिनॉर्विगची दगडखाण. ज्या पाटीवर आपण अ-आ-इ गिरवले, त्या जातीचा हा दगड. त्याच्या पातळ चिपा काढून घरांची छपरे शाकारीत. ऐन भरात इथे ३,००० वर माणसे राबत. दगड चिरताना धूळ उडे, ती फुप्फुसात बसे आणि माणूस खोकून खोकून जाई. मालकांचे डॉक्टर सांगत, धुळीने काही होत नाही, हे लोक उकळलेला चहा फार पितात! खाण १९६९ मध्ये बंद पडली. धुळीच्या आजाराची भरपाई देणारा कायदा झाला १९७९ मध्ये. तोवर किती जण हयात राहिले असतील?

हीच माणसे दुपारच्या सुट्टीत खाणीतल्या खोपटात भाकरतुकडा खाताना रीतसर अध्यक्ष निवडून वादविवाद करीत, कविता म्हणत. त्या खोपटाला ते ‘काबान’ म्हणत. १८८४ मध्ये जवळच्या बँगर शहरात महाविद्यालय निघाले, तेव्हा या भागातल्या खाणकामगारांनी आठवड्याच्या पगारातून त्यासाठी वर्गणी दिली. पावतीपुस्तक घेऊन मीही दारोदार हिंडलो आहे. पोटाला चिमटा काढून दिलेला पैसा हातात घेताना कसे वाटते, ते मला ठाऊक आहे.

एडवर्डचा कारनार्वनचा किल्ला १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. वायव्य वेल्सचा हा खाणींचा प्रदेश, डिनॉर्विगसह, त्या यादीत आला २०२१ मध्ये. म्हणजे ३५ वर्षांनी.