आधी ओळख, मग औषध

शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावरील ‘एरिब्युलिन’ या औषधाला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. त्याचे मूळ जपानच्या किनाऱ्यावरील ‘हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई’ या काळ्या स्पंजात आहे. हिराता आणि उएमुरा यांनी १९८६ मध्ये तब्बल ६०० किलो स्पंजातून मिळवले ते जेमतेम १२.५ मिलिग्रॅम ‘हॅलिकॉन्ड्रिन-बी’. अशा कामात स्पंज ओळखण्यातच चूक झाली, तर भलताच जीव किती टन उपसला जाईल याचा हिशेब न केलेला बरा.

आणि चूक होणे सोपे आहे. एकाच जातीचा स्पंज लाटांच्या माऱ्यात खडकाला चपटा चिकटतो, शांत पाण्यात फांद्या फुटल्यासारखा वाढतो. अल्कोहोलमध्ये ठेवला की अनेकांचा रंग उतरतो. भूमध्य समुद्रातला पिवळाधमक ‘ॲप्लिसिना एरोफोबा’ तर पाण्याबाहेर काढताच काळवंडू लागतो. त्यामुळे छायाचित्र, खोली, स्पर्श, अगदी वाससुद्धा, जागेवरच नोंदवावा लागतो.

खरी ओळख आत दडलेली असते. ब्लीचमध्ये तुकडा टाकला की मऊ भाग विरघळतो आणि तळाशी सिलिकाच्या कंटिका उरतात : सुईसारख्या, नांगरासारख्या, चांदणीसारख्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार पाहायचा, लांबी मोजायची. त्यांची मूळ मांडणी मात्र ब्लीचमध्ये मोडते. त्यासाठी पातळ छेद वेगळा घ्यावा लागतो. हे काम किचकट, वेळखाऊ आणि प्रसिद्धी न देणारे. ॲप्लिसिनासारख्या काही स्पंजांत तर कंटिकाच नसतात. तेथे तंतूंची रचना आणि ब्रोमिनयुक्त संयुगे कुळाचा दाखला देतात.

रसायनाची साक्षही सर्वत्र चालत नाही. हॅलिकॉन्ड्रिन पुढे न्यूझीलंडच्या ‘लिसोडेन्डोरिक्स’मध्ये आणि नात्याने दूरच्या इतर स्पंजांतही सापडले. स्पंजाच्या अंगात जिवाणूंची मोठी वस्ती असते आणि कित्येक संयुगे तेच बनवतात. म्हणजे रसायन जुळले तरी जात जुळेलच असे नाही. डीएनएची मदत होते. पण तुलनेसाठीचा नमुनाच चुकीच्या नावाचा असेल, तर डीएनए काय करणार?

म्हणूनच नव्या संयुगाचा शोधनिबंध स्वीकारताना त्या स्पंजाचा तुकडा संग्रहालयात क्रमांकासह जमा झाला आहे का, हे विचारलेच पाहिजे. अर्काच्या बाटलीवर नुसते ‘स्पंज, क्रमांक सात’ लिहून भागत नाही. आपल्याकडे कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून नमुने गोळा करणाऱ्यांनाही हाच नियम हवा, आणि कंटिका ओळखणाऱ्या माणसाला रसायनशास्त्रज्ञाइतकाच निधी व मान.