हाताने लिहिलेली बंदिश आणि ज्ञानपोस्ट

परवा वडिलांच्या बंदिशींची एक वही पुण्यातील एका विद्यार्थिनीकडे पाठवण्याचा प्रसंग आला. वही सगळी हातची, भातखंडे पद्धतीच्या खुणांनी भरलेली. येथील एका टपाल कचेरीत ती नेली आणि ज्ञानपोस्टाने पाठवावी म्हणालो. कारकून मोठे सज्जन. त्यांनी पाने चाळली, एका तराण्यापाशी क्षणभर थांबले आणि विचारले, "मास्टरजी, इसमें प्रेस का नाम कहाँ है?" ते कोठून असणार! वही स्पीडपोस्टाने गेली व दामही त्या मानाने पडले. कारकुनाला बोल लावण्यात अर्थ नाही. नियमच तसा आहे.

जुनी बुकपोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि १ मे २०२५ पासून ज्ञानपोस्ट आले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर निराळा; मग पुस्तक इंदूरला जावो की इंफाळला. ही सोय चांगली आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. मात्र पुस्तक छापील हवे, त्यावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव हवे, जाहिराती नकोत. (म्हणजे आमचे दिवाळी अंकही बाहेरच! जाहिरातींवाचून दिवाळी अंक निघाल्याचे कोणी पाहिले आहे?)

पण माझे गाऱ्हाणे वहीपुरते आहे. पंडित भातखंड्यांची 'क्रमिक पुस्तकमालिका' आज या सवलतीत खुशाल जाते. त्या सहा भागांतील चिजा छापखान्यात जन्मल्या काय? घरोघरच्या गवयांकडून ऐकून त्या आधी हातानेच टिपल्या गेल्या. ज्या चिजांना प्रकाशक मिळाला त्या ज्ञान ठरल्या, आणि ज्या अजून वहीतच आहेत त्यांना साध्या चिठ्ठीचा दर्जा. आमच्या विद्येचा केवढा तरी भाग आजही वहीतच आहे.

खाजगी पत्रे स्वस्तात जाऊ नयेत, ही खात्याची भीती रास्त आहे. तरी अडचण सुटण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमांत हस्तलिखित स्वरलिपीला छापील कागदांच्या पंक्तीला बसवलेले होते. आपल्याकडेही अंधांसाठीचे ब्रेल लिखाण सात किलोपर्यंत विनाहशील जाते. तेथे कोणी मुद्रकाचे नाव विचारीत नाही.

तेव्हा ज्ञानपोस्टाच्या नियमांत एका ओळीची भर घालावी : हस्तलिखित स्वरलिपी, वर राग, ताल व रचनाकाराचे किंवा गुरूचे नाव लिहिलेले असल्यास, पुस्तक समजावी. पाकीट जुन्या बुकपोस्टासारखे एका बाजूने उघडे ठेवू. आत क्षेमकुशल आढळल्यास खुशाल पत्राचा दर लावावा.

दुसरी वही अजून माझ्या पेटीतच आहे. ती पहिलीच्या दुपटीने जाड आहे.